गिलाव्याचा हिशेब

सिल्लोडहून निघालो, अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरलो की फर्दापूर लागते. अजिंठा लेण्यांच्या चार किलोमीटर अलीकडे, फाट्यावर, गाड्या उभ्या करायच्या आणि पुढे बसने जायचे. गाड्यांचा धूर चित्रांपर्यंत पोचू नये म्हणून केलेली ही सोय. ती चित्रे उभी आहेत माती आणि तुसावर.

खडबडीत ठेवलेल्या कातळावर आधी मातीचा जाड थर. त्या मातीत भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवलेले. त्यांच्यामुळे गिलावा वाळताना तडकत नाही आणि कातळाला धरून राहतो. त्यावर पांढरा, पातळ हात. रंगांत लाल-पिवळी काव, हिरवी माती, काजळी. निळा लाजवर्द तेवढा अफगाणिस्तानाकडून आलेला. दुरून काय आणायचे आणि पायाखालचे काय वापरायचे, याचा निर्णय रंग घोटण्याआधीच झालेला होता.

गिलाव्यात दोष नव्हता असे नाही. तूस म्हणजे किड्यांना खाद्य. वेरूळला यावर तोड सापडली होती. तिथल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आढळतात आणि त्यामुळेच तो किडीपासून वाचला, असे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2016 साली 'करंट सायन्स'मध्ये मांडले.

खरा धडा डागडुजीचा. 1920च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटणारा गिलावा त्यांनी सांधला, पण चित्रांवर लाखेचे वॉर्निश चढवले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हळूहळू उतरवावे लागले. मातीचे काम मातीने दुरुस्त होते. वॉर्निश काढायला प्रयोगशाळा लागते.

आज तालुक्याच्या गावी घर किंवा दुकान आखणाऱ्या डिझायनरला गावात दुरुस्त न होणाऱ्या मालाचा हा प्रश्न परका नाही. पीओपीचे छत, चिकटवलेले पॅनेल, उन्हाकडे तोंड केलेली काच हे सारे ग्राहकच मागतो आणि घाईत मागतो. 'टेरी' या संशोधन संस्थेच्या पुढाकारातून आलेल्या 'गृह' या हरित इमारतींच्या मानांकनाची 'स्वगृह' ही आवृत्ती 2,500 चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठीच आहे. पण तिचा अर्ज भरण्याआधीही बरेच काही हातात असते. अंदाजपत्रकात दराशेजारी दोन रकाने वाढवावेत: माल कुठून येणार, आणि बिघडला तर गावातला गवंडी किंवा सुतार तो दुरुस्त करू शकेल का. दुसऱ्या रकान्यात 'नाही' आले, तर ग्राहकाला ते सही करण्याआधी सांगावे.