खुणेपासून माणसापर्यंत

निळ्या चौकोनातली पांढरी चाकाची खुर्ची आपण दवाखान्यात, स्टेशनात, पार्किंगमध्ये पाहत आलो. ती १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढली. खुर्चीला डोकं नंतर जोडलं गेलं. २००५ मध्ये ही खूण संगणक-फोनवरची अक्षरं-चिन्हं ठरवणाऱ्या युनिकोडच्या चिन्हसंचात गेली आणि फोनवर इमोजी आले तेव्हापासून अपंगांच्या वाट्याला बराच काळ तेवढीच होती. पण ती जागेची खूण: इथे रॅम्प आहे, हे स्वच्छतागृह तुमच्यासाठी आहे. ‘मी निघालेय, पोचतेच’ हे सांगायला तिचा काय उपयोग?

मार्च २०१८ मध्ये ॲपलने अमेरिकेतल्या अंध, बधिर आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या संस्थांशी बोलून युनिकोडकडे नव्या इमोजींचा प्रस्ताव दिला. ही केवळ सुरुवात आहे, असं त्यातच म्हटलं होतं. २०१९ मध्ये ते मंजूर झाले: कृत्रिम हात-पाय, श्रवणयंत्र लावलेला कान, मार्गदर्शक कुत्रा, खुर्चीवरची माणसं, बधिर व्यक्ती, पांढऱ्या काठीचा माणूस.

त्यातली बधिर व्यक्ती मला सर्वात मोलाची वाटते. कानावर रेघ मारलेलं जुनं चिन्ह उणीव तेवढी दाखवायचं. इथे माणूस कानापासून तोंडाकडे बोट नेतो, म्हणजे अमेरिकन सांकेतिक भाषेत स्वतःच स्वतःची ओळख सांगतो.

पांढऱ्या काठीचा माणूस मात्र आतून जोडकाम आहे. माणूस आणि काठी ही दोन चिन्हं एका अदृश्य सांध्याने जोडलेली असतात. फोन जुना असेल तर सांधा उलगडतो आणि दोन्ही चिन्हं सुटी होतात. शिवाय तो डावीकडे चालायचा. पुढे घराचं चित्र टाकलं तर घराकडे पाठ. उजवीकडे तोंड करण्याची सोय २०२३ मध्ये आली.

वापराचं काय? तरुण पोरं ‘मी काही पाहिलंच नाही’ म्हणून हाच काठीवाला टाकतात आणि खेळात हरलेल्याला खुर्ची दाखवून हिणवतात. हे मला मनापासून खटकतं, कारण त्याच गटात खरोखर काठी घेऊन चालणारं कुणी असू शकतं. अशा अंध व्यक्तींचा फोन इमोजीचं नाव मोठ्याने वाचतो. आपण हौसेने ओळीने दहा टाकले, तर त्यांना अनेकदा तेच नाव पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं आणि निरोप मागे राहतो. एखादाच टाकावा, तोही वाक्याच्या शेवटी.

यादीत अजूनही उणिवा आहेत. कुबडी २०२१ मध्ये आली, आपल्याकडे ती इतकी दिसत असून एवढ्या उशिरा. कृत्रिम पाय धातूचा, यंत्रासारखा काढलाय. १९६८ पासूनचा जयपूर फूट मात्र दिसायला पावलासारखा. तो लावून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं. हाताने चालवायची तीनचाकी, जिच्यावर आपल्याकडे कितीतरी माणसं बाजारहाट करतात, ती अजूनही नाही. युनिकोडकडे प्रस्ताव कुणालाही पाठवता येतो. तिचा प्रस्ताव आपल्याकडूनच जायला हवा.