द्रवगळतीचा वेध : विद्युतवाहकांवर आधारित शोधपद्धतींची तत्त्वे आणि मर्यादा

गोषवारा

द्रवाची गळती किंवा सांडलवंड वेळीच लक्षात यावी यासाठी विद्युतवाहक तारांचा उपयोग आज इमारती, इंधनवाहिन्या, जलसाठे आणि अणुभट्ट्या अशा परस्परभिन्न क्षेत्रांत केला जातो. प्रस्तुत लेखात या पद्धतींमागील भौतिक तत्त्वांचे विवेचन केले असून द्रवाच्या विद्युतवाहकतेनुसार पद्धत कशी बदलते, हे उदाहरणांसह स्पष्ट केले आहे. इशारा न मिळणे म्हणजे गळती नसणे असा अर्थ केव्हा घेता येतो आणि केव्हा नाही, हा या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : विद्युतवाहकता, रोध, संवेदक तार, गळती, परिपथाची देखरेख.

१. प्रस्तावना

गळती ही बहुधा दृष्टीआड घडणारी क्रिया होय. भिंतीतील नळ, जमिनीखालील इंधनवाहिनी, उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेली नलिका किंवा तळ्याच्या तळाशी अंथरलेले प्लॅस्टिक यांत पडलेले छिद्र प्रत्यक्ष दिसत नाही; दिसतात ते त्याचे परिणाम, आणि तेही उशिरा. महाविद्यालयापुरता विचार केला तरी ग्रंथालयाच्या छतावरील पाण्याची टाकी, संगणक कक्षातील वातानुकूलन यंत्र आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातन संच ही तीन ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. सुटीच्या काळात तेथे माणसाची नजर नसते. ती उणीव भरून काढण्याचे काम तारेच्या जोडीवर सोपविता येते. मात्र तार द्रवाला ओळखत नाही. ती ज्या परिपथाचा भाग आहे त्या परिपथातील बदल तेवढा तिच्याद्वारे कळतो. या साध्या वस्तुस्थितीतूनच पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी उद्भवतात.

२. द्रवांची विद्युतवाहकता

कोणती पद्धत वापरावयाची हे प्रथमतः द्रवाच्या वाहकतेवर अवलंबून असते. अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सिअस तापमानास दर सेंटिमीटरला केवळ ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. नळाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे ती सामान्यतः काहीशे मायक्रोसीमेन्सपर्यंत जाते, तर समुद्राच्या पाण्याची वाहकता ५०,००० मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते. म्हणजे आपण ज्याला पाण्याची वाहकता म्हणतो ती प्रामुख्याने त्यातील आयनांची वाहकता होय. पेट्रोल, डिझेल यांसारखी इंधने जवळजवळ विद्युतरोधकच असतात. याउलट वितळलेला सोडियम हा धातूच असल्याने त्याची वाहकता तांब्याच्या वाहकतेच्या काही अंशांइतकी, दर मीटरला सुमारे एक कोटी सीमेन्स भरते. ‘द्रव’ या एकाच शब्दात सामावलेली ही व्याप्ती ध्यानात घेतली म्हणजे सर्व द्रवांसाठी एकच संवेदक का चालत नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

३. पाण्यासाठी दोन तारांचा परिपथ

सर्वांत साध्या रचनेत दोन उघड्या तारा एकमेकींना न स्पर्शता समांतर ठेवलेल्या असतात. कोरड्या स्थितीत त्यांच्यामधील रोध फार मोठा असतो. पाणी पडताच आयनांमुळे दोन तारांमध्ये मार्ग तयार होतो, रोध घटतो आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच इशारा दिला जातो.

या रचनेत एक अडचण अंतर्भूत आहे. तारांना सतत एकदिश विभवांतर दिल्यास ओलसर जागी विद्युत अपघटन सुरू होते. धन बाजूची तार झिजते, पृष्ठभागावर थर साचतात आणि ध्रुवीकरणामुळे मोजणी फसवी ठरते. द्रावणांची वाहकता मोजताना हाच अडथळा जाणवल्याने जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यावर्ती धारेचा अवलंब केला. गळतीशोधक उपकरणांतही प्रत्यावर्ती धारा किंवा ठरावीक अंतराने दिलेले अल्पकालीन स्पंद वापरणे हिताचे ठरते.

द्रव अतिशुद्ध असेल तर दुसरी अडचण उद्भवते. ऊर्ध्वपातन संचातून गळणाऱ्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात. नळाच्या पाण्यावर तपासून ठरविलेली इशाऱ्याची मर्यादा तेथे निरुपयोगी ठरू शकते. उलटपक्षी, तारांवर साचलेली धूळ पावसाळ्यातील दमट हवेत ओलावा शोषून घेते आणि पाणी नसतानाही इशारा वाजतो. खोटे इशारे टाळण्यासाठी संवेदनशीलता कमी केली की खरी गळती निसटण्याची शक्यता वाढते. ही मर्यादा जागेवरील प्रत्यक्ष चाचणीनेच ठरविली पाहिजे.

४. गळतीचे ठिकाण कसे कळते

गळती झाली एवढे कळणे पुष्कळदा पुरेसे नसते. शेकडो मीटर लांबीच्या वाहिनीवर ती कोठे झाली, हे कळणे आवश्यक असते. त्यासाठी चार तारांचा संवेदक वापरला जातो. त्यातील दोन तारा संवेदक तारा असतात, त्यांच्या दर मीटरचा रोध अचूक ठाऊक असतो, आणि प्रत्येकीच्या दूरच्या टोकाला एकेक विद्युतरोधक आवरण असलेली परतीची तार जोडलेली असते. गळती झाली की स्थिर धारा पहिल्या संवेदक तारेतून गळतीच्या बिंदूपर्यंत जाते, पाण्यातून दुसऱ्या तारेवर येते आणि परत फिरते. बिंदूच्या पलीकडील भागातून धारा वाहत नसल्याने तेथे विभव घटत नाही. साहजिकच पहिल्या तारेच्या दूरच्या टोकाचे विभव गळतीच्या बिंदूइतकेच राहते आणि ते परतीच्या तारेद्वारे मोजता येते. समजा, तारेचा रोध दर मीटरला १३ ओहम आहे आणि मोजलेल्या विभवांतरावरून ५२० ओहम हे मूल्य निघाले, तर गळती ४० मीटरवर आहे. पाण्याचा स्वतःचा रोध किती, हा प्रश्न या मोजणीत येतच नाही, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

दुसरी पद्धत प्रतिध्वनीसारखी आहे. डेन्मार्क, स्वीडन आदी देशांत शहरभर गरम पाणी पुरविणाऱ्या नलिकांच्या फेसाळ आवरणातच तांब्याच्या तारा बसविलेल्या असतात. आवरण ओले झाले की तार व नलिका यांमधील रोध घटतो. त्यानंतर तारेतून विद्युत स्पंद सोडून त्याचे परावर्तन किती वेळात येते हे मोजले जाते. स्पंदाचा वेग सेकंदाला २० कोटी मीटर धरल्यास १ मायक्रोसेकंदात आलेले परावर्तन १०० मीटरवरील दोष दर्शविते, कारण स्पंदाने जाऊन-येऊन २०० मीटर अंतर कापलेले असते.

५. इंधनासारखे अवाहक द्रव

पेट्रोल दोन उघड्या तारांवर पडले तरी परिपथ पूर्ण होत नाही. म्हणून येथे द्रवाच्या वाहकतेऐवजी त्याच्या रासायनिक परिणामाचा आधार घेतला जातो. कार्बनमिश्रित वाहक बहुवारिकाचा थर हायड्रोकार्बन शोषून फुगतो. बाहेरून घट्ट जाळीदार वेष्टन असल्याने तो आतल्या बाजूस दाबला जातो, संवेदक तारांना भिडतो आणि परिपथ पूर्ण करतो. अशा संवेदकावर केवळ पाणी पडल्यास बहुवारिक फुगत नाही. त्यामुळे पावसाचे पाणी साचणाऱ्या खंदकातही इंधनाची गळती वेगळी ओळखता येते.

६. विद्युतरोधक अस्तरातील छिद्रे

काही ठिकाणी तर्क उलटा लावावा लागतो. कचराभूमी किंवा जलसाठा यांच्या तळाशी अंथरलेले प्लॅस्टिकचे अस्तर विद्युतरोधक असते. वरील पाण्यात एक विद्युताग्र आणि बाहेरील जमिनीत दुसरे ठेवून विभवांतर दिले, तर धारेला अस्तरातील छिद्रातूनच वाट मिळते. छिद्राजवळ विभवाचा उतार तीव्र असतो; जालकाप्रमाणे ठरविलेल्या बिंदूंवर मोजणी करीत गेल्यास छिद्राची जागा सापडते. एएसटीएम डी ७००७ या मानकात या पद्धतीचे वर्णन आहे.

महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण भागांत प्लॅस्टिक अस्तराची शेततळी मोठ्या प्रमाणावर झाली आहेत. फाटलेल्या अस्तरातून पाणी मुरणे म्हणजे उन्हाळ्यातील फळबागेचे पाणी जाणे होय. तत्त्वतः हीच पद्धत तेथेही लागू पडते. मात्र काठावरून बाहेर उतरणारा धातूचा पाइप किंवा ओला झालेला बांध धारेला दुसरी वाट देतो आणि छिद्राचा संकेत त्यात बुडून जातो. असे मार्ग आधी तोडणे आवश्यक असते, तसेच विभवांतर मोठे असल्याने हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे लागते.

७. द्रवरूप सोडियम

द्रव स्वतःच उत्तम वाहक असेल तर पद्धत अगदी सरळ होते. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथील जलद प्रजनक चाचणी अणुभट्टी १९८५ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली. अशा अणुभट्ट्यांत शीतक म्हणून सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळणारा सोडियम वापरतात. नलिकेभोवती सिरॅमिक मण्यांतून ओवलेली धातूची तार गुंडाळलेली असते. मण्यांमुळे तार नलिकेला स्पर्शत नाही. सोडियम पाझरताच तार आणि नलिका विद्युतदृष्ट्या जोडली जातात. तथापि अत्यल्प सोडियम हवेशी संयोग पावून त्याची संयुगे बनली, तर ती धातूप्रमाणे वाहक राहत नाहीत. म्हणून हवेतील सोडियमचे सूक्ष्म कण ओळखणारी वेगळी साधनेही जोडीला ठेवली जातात.

जपानमधील मोन्जू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम परिपथातून सुमारे ६४० किलोग्रॅम सोडियम गळला. इशारे मिळाले होते; परंतु अणुभट्टी तातडीने थांबविण्याची क्रिया त्यानंतर सुमारे दीड तासाने झाली. इशारा आला की कोणी काय करावयाचे, हे आधी निश्चित नसेल तर संवेदकाचा वेग वाया जातो.

८. शांततेचा अर्थ

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. दोन साध्या तारांच्या रचनेत कोरड्या स्थितीत धारा शून्य असते. उंदराने तार कुरतडली किंवा जोड निखळला तरीही धारा शून्यच राहते. ‘गळती नाही’ आणि ‘पाहणारा कोणी नाही’ या दोन स्थिती उपकरणाला सारख्याच भासतात. यावर उपाय सोपा आणि स्वल्पखर्चिक आहे. तारांच्या दूरच्या टोकांमध्ये एक रोधक जोडावा. ५ व्होल्ट विभवांतर आणि ५० किलोओहम रोधक घेतल्यास निरोगी परिपथातून ०.१ मिलिअँपिअर धारा वाहते. तार तुटली तर धारा शून्य होते. पाण्यामुळे १० किलोओहमचा समांतर मार्ग तयार झाला तर ती ०.६ मिलिअँपिअर होते. अशा रीतीने निरोगी, तुटलेली आणि ओली या तिन्ही स्थिती वेगळ्या ओळखता येतात. शांततेला अर्थ येतो तो या सततच्या अल्प धारेमुळे.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, संवेदकाची निवड करताना किमतीपूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : द्रव किती वाहक आहे, गळतीचे ठिकाण कळणे आवश्यक आहे काय, आणि परिपथ स्वतःच्या बिघाडाची वर्दी देतो काय. ग्रंथालय किंवा संगणक कक्षासाठी टोकाला रोधक जोडलेला साधा दोन तारांचा संवेदक बहुतेक वेळा पुरेसा ठरतो. तो बसविल्यावर दरमहा ओल्या स्पंजाने इशारा तपासावा, नंतर तार स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करावी, कारण मागे राहिलेला क्षाराचा थर पुढील खोट्या इशाऱ्याचे कारण होतो. टोकाची जोडणी काढून तुटीचा इशाराही तपासावा आणि या चाचण्यांची नोंद ठेवावी. इशारा मिळताच पाण्याची मुख्य तोटी कोणी बंद करावयाची, त्या व्यक्तीचे नाव आणि सुटीच्या दिवसांतील पर्यायी व्यक्तीचे नाव त्याच नोंदवहीच्या पहिल्या पानावर असावे.