आकडा सुधारला, पुढे काय?

एका वाचकाने विचारलेला एक प्रश्न आहे. एएसव्ही, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाला आधार देणारी मशीन, श्वासागणिक हिशेब ठेवते आणि तासाला श्वास अडण्याचा आकडा, म्हणजे एएचआय, झपाट्याने खाली आणते. मग सेंट्रल किंवा कॉम्प्लेक्स अ‍ॅप्नियाच्या प्रत्येक रुग्णाला सरळ तीच का देत नाहीत? प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे: आकडा उतरला की रुग्णाचं भलं झालं. ते कितपत खरं, एवढंच आज पाहू.

आधी मशीनची बाजू. सेंट्रल अ‍ॅप्नियात घसा मोकळा असतो. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. झोपेत हा हुकूम मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर चालतो. तो ठरावीक पातळीखाली गेला की श्वास थांबतो. हृदयाचं पंपिंग कमी असेल, तर फुप्फुसातून निघालेलं रक्त मानेतल्या संवेदकांपर्यंत उशिरा पोचतं; साहजिकच दुरुस्तीही उशिरा होते आणि गरजेपेक्षा जास्त होते. श्वास मोठा-मोठा होत जातो, मग उथळ होत-होत थांबतो आणि मिनिटभरात हेच चक्र पुन्हा सुरू होतं. डब्लिनमधल्या जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. अशा रुग्णाला बॅकअप रेट नसलेली, म्हणजे श्वास थांबल्यास स्वतः श्वास न देणारी, साधी बायपॅप मशीन लावली, तर ती प्रत्येक श्वासाला जोर देऊन कार्बन डायऑक्साइड आणखी खाली नेऊ शकते, म्हणजे दुखणं वाढवू शकते. एएसव्ही मात्र श्वास फुगू लागला की मदत आवरते, उथळ झाला की वाढवते आणि थांबलाच तर स्वतः श्वास देते. २०१४ मध्ये कॉम्प्लेक्स अ‍ॅप्नियाच्या, म्हणजे सीपॅप (एकसारख्या दाबाने घसा उघडा ठेवणारी मशीन) लावल्यावर सेंट्रल घटना दिसणाऱ्या, ६६ रुग्णांवर ९० दिवसांची तुलना प्रसिद्ध झाली. एएचआय दहाच्या खाली आणण्यात एएसव्हीला सुमारे ९० टक्के रुग्णांत यश आलं, सीपॅपला सुमारे ६५ टक्क्यांत. पण दिवसाची पेंग आणि जीवनमान यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे यशाची व्याख्याच आकड्यावर बेतलेली होती.

खरा धक्का २०१५ मध्ये बसला. ‘सर्व्ह-एचएफ’ या चाचणीत हृदय दुबळं झालेले, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं त्या रक्ताचं प्रमाण) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले आणि प्रामुख्याने सेंट्रल अ‍ॅप्निया असलेले १,३२५ रुग्ण होते. एएसव्हीने आपलं काम चोख केलं. वर्षभराने एएचआय सरासरी ६.६ वर आला होता. तरीही हृदयविकाराने झालेले मृत्यू एएसव्ही गटात २९.९ टक्के आणि मशीन न दिलेल्या गटात २४ टक्के निघाले. श्वास सुधारला आणि मृत्यू वाढले.

यावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की मशीन जुन्या पद्धतीची होती. तो काही अंशी मान्य करावा लागतो: वेगळ्या पद्धतीने चालणाऱ्या एएसव्हीच्या ‘अ‍ॅडव्हेंट-एचएफ’ या ७३१ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू वाढले नाहीत. पण मृत्यू आणि हृदयाच्या गंभीर घटनांत घटही दिसली नाही. म्हणजे भीती कमी झाली, फायदा सिद्ध झाला नाही. दुसरा आक्षेप २००५ च्या कॅनडातल्या ‘कॅनपॅप’ चाचणीचा आधार घेतो. एकूण २५८ रुग्णांत सीपॅपने आयुष्य वाढवलं नाही, पण नंतरच्या विश्लेषणात ज्यांचा एएचआय पंधराच्या खाली उतरला, ते अधिक जगले असं दिसलं. मग आकडा महत्त्वाचाच ना? तसं म्हणता येत नाही. ज्यांचा श्वास सीपॅपला दाद देतो, त्यांचं हृदय मुळात कमी बिघडलेलं असू शकतं. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, निकालावरून पाडलेले होते. चेन-स्टोक्स श्वसन ही थकलेल्या हृदयाची तडजोड असावी, असं मानणारे संशोधकही आहेत. ते अजून सिद्ध नाही, पण ‘आकडा सुधारा’ हा एकच मंत्र जपणाऱ्यांनी विसरू नये.

म्हणून एएसव्ही टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. पंपिंग चांगलं असताना, सीपॅपवर काही महिने काढूनही सेंट्रल घटना चालूच राहिल्या, तर ती मोलाची आहे. कॉम्प्लेक्स अ‍ॅप्निया बऱ्याच जणांत सीपॅपवरच हळूहळू निवळतो, हेही लक्षात घ्यावं. अफूवर्गीय वेदनाशामकांमुळेही श्वास असा थांबू शकतो; ती चालू असतील, तर डॉक्टरांनी आधी ती तपासायला हवीत. तेव्हा मशीनची तुलना करण्याआधी कारणांची करावी, आणि एएसव्हीच्या चिठ्ठीआधी हृदयाच्या टूडी इकोचा रिपोर्ट पाहावा. मशीन श्वास मोजते. उपचार कोणावर चालले आहेत, हे तिला कळत नाही.