वॉट किती आणि सूर किती?

१९६१ साली दिल्लीच्या पहाडगंज भागात, देशबंधू गुप्ता रोडवर 'शीला' चित्रपटगृह सुरू झाले. सत्तर मिलिमीटरचा पडदा असलेले हे देशातले पहिले चित्रपटगृह. 'सॉलोमन अँड शीबा' हा तिथला पहिला चित्रपट. भला थोरला पडदा पाहून लोक थक्क झाले, यात नवल नाही. पण सत्तर मिलिमीटरची खरी करामत डोळ्यांइतकीच कानांसाठीही होती. या रुंद फितीवर चुंबकीय ध्वनीच्या सहा पट्ट्या असत. पाच पट्ट्यांचा आवाज पडद्यामागून आणि सहाव्या पट्टीचा प्रेक्षागृहाच्या भिंतींतून यायचा. घोडे डावीकडून दौडत आले की त्यांच्या टापाही डावीकडूनच ऐकू यायच्या!

तो 'शीला'चा पडदा आता कायमचा मिटला आहे. मात्र त्या काळात चित्रपटगृहात जाऊन जे ऐकावे लागे, ते घरच्या दिवाणखान्यात ऐकण्याची हौस वाढत गेली आहे. त्या हौसेचा सर्वांत वजनदार आणि बहुतेकदा सर्वांत महागडा भाग म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर. काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत त्याच्या किमती जातात. मुलाने पहिल्या पगारातून तो घ्यायचा म्हटले की वडील विचारतात, "एवढे पैसे त्या लोखंडी पेटीत कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतके सोपे नाही.

पाटाचे दार

सीडी प्लेअर असो की रेकॉर्ड प्लेअर, त्यातून निघणारा विद्युतसंदेश अतिशय दुबळा असतो. स्पीकरचा कागदी शंकू हलवण्याची ताकद त्याच्यात नसते. आधी प्री-ॲम्प्लिफायर त्याला थोडे बळ देतो, आवाज कमी-जास्त करण्याची सोय देतो. पुढचे अंगमेहनतीचे काम पॉवर ॲम्प्लिफायरचे. आपल्याकडच्या बहुतेक संचांत हे दोन्ही एकाच पेटीत असतात. उंची संचांत मात्र दोघांची बिऱ्हाडे वेगळी.

लोकांची अशी समजूत असते की ॲम्प्लिफायर त्या दुबळ्या संदेशालाच फुगवतो. प्रत्यक्षात तसे नाही. धरणाच्या पाटावरचा पाटकरी आठवा. तो दार थोडे उचलतो, थोडे पाडतो. पाणी मात्र धरणाचे वाहते. इथेही तसेच. गाण्याचा नाजूक संदेश दार हलवतो आणि वाहते ती भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगमधून आलेली वीज. ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर हे धरण, तर ट्रान्झिस्टर हे दार. म्हणूनच चांगला पॉवर ॲम्प्लिफायर उचलताना कंबर धरते. त्याच्या वजनात मोठा वाटा असतो तो ट्रान्सफॉर्मरचा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांचा.

दार संदेशाबरहुकूम हलले नाही, की आवाजात विकृती येते. तिच्यावरचा मोठा उपाय अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजच्या हॅरॉल्ड ब्लॅक या तरुण इंजिनिअरला १९२७ साली सुचला, तोही कामावर जाताना नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत! जवळ कागद नव्हता म्हणून त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच आकृती काढली. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे झालेली चूक आपोआप सुधारते, ही ती कल्पना. पुढे १९४७ मध्ये इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसन यांनी व्हॉल्व्हवर चालणाऱ्या एका ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. ताकद अवघी पंधरा वॉट, पण विकृती इतकी कमी की जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी जोडून पाहिला. घरगुती हाय-फायची चळवळ जोर धरू लागली ती याच सुमारास.

वॉटचे गौडबंगाल

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती वॉटचा?" आणि फसगतीची सुरुवात इथूनच होते.

पन्नास वॉटऐवजी शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला तर आवाज दुप्पट होईल, असे कुणालाही वाटेल. पण कानाचे गणित वेगळे आहे. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो 'थोडा मोठा' एवढाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटायचा, तर ताकद सुमारे दसपट करावी लागते. म्हणजे पन्नास आणि शंभर वॉटमध्ये किमतीचा फरक मोठा असला, तरी आवाजाचा फरक किरकोळच.

त्याहून महत्त्वाचा असतो स्पीकर. चित्रपटगृहातले भोंग्याच्या आकाराचे स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक आवाज देतात. घरातला लहानसा, देखणा स्पीकर तेवढ्याच विजेत ८६ डेसिबलच्या आसपास देतो. हा १४ डेसिबलचा फरक म्हणजे विजेच्या हिशेबात तब्बल पंचवीस पट! चित्रपटगृहात जे काम चाळीस वॉटमध्ये होते, त्यासाठी घरच्या स्पीकरला हजार वॉट लागतील. जुनी चित्रपटगृहे आजच्या मानाने कमी वॉटमध्ये कशी दणाणत, याचे उत्तर यात आहे.

सुदैवाने घराला चित्रपटगृहाएवढा आवाज लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आरामात गाणे ऐकताना सरासरी एखादा वॉटच खर्च होत असतो. मग बाकीचे वॉट कशाला? तर आयत्या वेळच्या मागणीसाठी. ख्याल संथ चाललेला असताना तबल्याची एखादी खणखणीत थाप सरासरीपेक्षा २० डेसिबल वर जाऊ शकते. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. एका वॉटवर चाललेले गाणे क्षणभर शंभर वॉट मागते! ते मिळाले नाहीत, तर त्या थापेचा माथा छाटला जातो. आवाज फाटतो आणि ट्वीटर जळण्याचा धोकाही वाढतो. मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर उडतात हे खरे, पण लहान ॲम्प्लिफायर जिवाच्या आकांताने वाजवला तरीही ते उडू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९९० च्या दशकात लहानशा टू-इन-वनवरही 'हजार वॉट पीएमपीओ' अशी झगमगीत पट्टी चिकटवलेली असायची. या आकड्याला कसलेही सर्वमान्य माप नव्हते. ज्याला जो वाटेल तो त्याने छापावा. अशाच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्येच नियम केला होता. ग्राहकाने विचारायचा आकडा आरएमएसचा. तोही किती ओहमच्या स्पीकरवर आणि किती विकृतीसह, हे विचारूनच. आणखी एक सोपी परीक्षा आहे. संचाच्या पाठीमागची पट्टी वाचा. तिथे 'विजेचा वापर ६० वॉट' असे लिहिले असेल, तर तो संच हजार वॉटचा आवाज सतत कुठून देणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

भट्टी सतत पेटती

उंची ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीत 'क्लास ए' हा शब्द हमखास असतो. त्याचा अर्थ पहिल्या दर्जाचा असा नव्हे. पहाडगंजमधल्या छोले-भटुऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाईक असो-नसो, कढईतले तेल तापलेलेच ठेवतात, म्हणजे मागणी आल्याबरोबर भटुरा फुगतो. क्लास ए तसाच. त्याचे ट्रान्झिस्टर गाणे थांबलेले असतानाही पूर्ण जोमाने वीज खातात. त्यामुळे आवाजाच्या एका अर्ध्या लाटेकडून दुसऱ्या अर्ध्या लाटेकडे जाताना सांधा राहत नाही. पण याची किंमत मोजावी लागते. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास वॉट देणारा असा ॲम्प्लिफायर नुसता चालू ठेवला तरी २०० वॉटहून अधिक वीज ओढतो. अडीचशे वॉट धरले आणि रोज चार तास ऐकले, तर महिन्याला तीस युनिट. ते सारे उष्णतेच्या रूपाने खोलीत. दिल्लीच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना ही चैन कोणाला परवडेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

'क्लास एबी'मध्ये भट्टी मंद ठेवून गरजेप्रमाणे वाढवतात. घरगुती संचांत वर्षानुवर्षे हीच पद्धत रूढ आहे. अलीकडच्या 'क्लास डी'मध्ये ट्रान्झिस्टर प्रचंड वेगाने चालू-बंद होत राहतात आणि वीज वाया जाण्याचे प्रमाण फारच कमी असते. पूर्वी या पद्धतीला जाणकार नाके मुरडायचे. आता तिच्यात इतकी सुधारणा झाली आहे की अनेक महागड्या कंपन्यांनीही ती स्वीकारली आहे.

महाग म्हणजे गोड?

मग लाखांच्या ॲम्प्लिफायरमधून गाणे अधिक गोड लागते का? १९८७ साली अमेरिकेच्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने याचीच परीक्षा घेतली. सुमारे दोनशे डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत सहा यंत्रे लपवून ठेवली, सर्वांचा आवाज काटेकोरपणे समान केला आणि श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितले. उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखीच निघाली. त्यावरून झालेला वाद आजही शमलेला नाही. पण त्याआधी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला, अवघ्या वीस वॉटचा आणि स्वस्त असा 'नॅड ३०२०' जगभर गाजला होता, हेही विसरून चालणार नाही.

याचा अर्थ महाग यंत्र म्हणजे निव्वळ लूट असा मात्र नाही. काही स्पीकर ताकद मागताना फार हट्टी असतात. त्यांना पुरेसा विद्युतप्रवाह देणे दुबळ्या यंत्राला जमत नाही. मोठी खोली असेल, तरीही दमदार यंत्र हवे. चांगल्या बांधणीचा ॲम्प्लिफायर दहा-वीस वर्षे टिकतो, दुरुस्त करता येतो आणि गाण्याच्या मधल्या शांततेत घुंईं असा आवाज करत नाही. मात्र एका मर्यादेपलीकडे पैसे जातात ते देखण्या पेटीसाठी आणि नावासाठी. ज्याच्याकडे आहेत त्याने जरूर द्यावेत. पण मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावून देण्याजोगे त्यात काही नाही. हातात ठरावीक रक्कम असेल, तर तिचा मोठा वाटा स्पीकरवर खर्च करावा, मध्यम ॲम्प्लिफायर घ्यावा आणि खोलीत जाड पडदे, सतरंजी नि पुस्तकांची मांडणी ठेवावी. फरक शेजाऱ्यालाही कळेल.

घेताना आणि घेतल्यावर

● दिल्लीचे लजपतराय मार्केट असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड की पुण्याची बुधवार पेठ, आपल्या पाठ असलेल्या गाण्यांची सीडी बरोबर न्या. दोन यंत्रे ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जो किंचित मोठा वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो. चतुर विक्रेत्याला हे पक्के माहीत असते.

● अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला संच १२० व्होल्टचा असू शकतो. पट्टी वाचल्याशिवाय तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावू नका. क्षणात धूर निघेल.

● घरात अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

● ॲम्प्लिफायरवर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी ही आपल्याकडची हौस यंत्राच्या जिवावर उठते. चारही बाजूंनी आणि वरून हवा खेळती राहू द्या.

कान एकदाच मिळतात

पहाडगंज म्हणजे दिल्लीतल्या मराठी माणसाचा जुना पत्ता. नूतन मराठी शाळा इथली, बृहन्महाराष्ट्र भवनही इथलेच. इथल्या गल्ल्यांत एका घराची भिंत ती दुसऱ्या घराचीही भिंत. अशा ठिकाणी शंभर वॉट ही नुसती चैन नसते, ती जबाबदारीही असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा देशात २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. भिंतीपलीकडे कुणाचे तान्हे मूल असते, कुणाची परीक्षा असते, तर कुणाचे नुकतेच ऑपरेशन झालेले असते.

शिवाय आपल्या कानांचे काय? ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपलीकडे ऐकणे धोक्याचे मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास! आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बिघडलेला ॲम्प्लिफायर दुरुस्त होतो, कान होत नाहीत.

म्हणून वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधू नये, घरी शोधावे. रात्री सगळी निजानीज झाल्यावर आवाज अगदी बारीक करावा आणि एखादा विलंबित ख्याल लावावा. गवयाने श्वास घेण्यासाठी घेतलेला विराम, त्या विरामात मागे झंकारणारा तानपुरा आणि षड्जावर अलगद टेकलेला सूर एवढ्या हळू आवाजातही स्पष्ट ऐकू आला, आणि कुरकुरणारे वडीलही उठून शेजारी येऊन बसले, तर पेटी कितीची का असेना, पैसे वसूल झाले असे समजावे.