तेलकट सांडपाणी आणि मुंबईच्या समुद्रातले यीस्ट

ऑलिव्हची फळे दळून तेल काढल्यावर जे काळपट, आंबूस पाणी उरते, त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये सांडपाणी शुद्ध करणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंनाच जेरीस आणतात; म्हणून आम्लता आणि तेल दोन्ही सोसणाऱ्या यारोविया लिपोलिटिका या यीस्टकडे भूमध्य सागराकाठचे संशोधक वळले. याच यीस्टचा एक वाण मुंबईजवळच्या समुद्राच्या तेलमिश्रित पाण्यातून मिळाला असून, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहात तो एनसीआयएम ३५८९ या क्रमांकाने ओळखला जातो.

पाव फुगवणाऱ्या यीस्टप्रमाणे हा वाण साखर आंबवत नाही आणि हवेवाचून वाढत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी तेलाच्या थेंबांना बिलगलेल्या दिसतात. त्या लायपेज हे विकर, म्हणजे मेद तोडणारे प्रथिन, बाहेर सोडतात आणि त्यातून सुटणारी मेदाम्ले खाऊन वाढतात. अशा रीतीने पाण्यातील तेलाचा काही भाग कर्बवायू होऊन जातो, तर उरलेला यीस्टच्या गाळात साठतो, आणि हा गाळ उपसण्याचा खर्च उत्साहाच्या भरात बहुधा विसरला जातो.

अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक असलेल्या अदिती पंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाम तेल गिरणीचे सांडपाणी या वाणाच्या हवाली केले होते. त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातील घाणीच्या रासायनिक विघटनासाठी लागणारा प्राणवायू, लिटरला सुमारे २,५०,००० मिलिग्रॅम होता; दोन दिवसांत तो ९५ टक्क्यांनी घटला, आणि पुढे रासायनिक निवळण व बागेतल्या मातीतील सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने १,५०० वर आला. आकडा दिपवणारा असला, तरी जलाशयात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, जिथे कापड रंगवणारे आणि रसायने बनवणारे कारखाने शेजारी नांदतात, तिथल्या सामायिक सांडपाणी केंद्रात, म्हणजे सीईटीपीत, हे यीस्ट थेट ओतणे व्यर्थ ठरेल. कारण अनेकांचे पाणी मिसळून पातळ आणि आम्लता गेलेले झाले, की जिवाणू वेगाने वाढून यीस्टला मागे टाकतात, शिवाय कापडाच्या रंगावर त्याच्या लायपेजचा इलाज चालत नाही. त्याची खरी जागा तेलकट, दाट पाणी निघते त्या कारखान्याच्या आवारात, सीईटीपीच्या नळाला जोडण्याआधीच्या टाकीत आहे. तिथून पुढचे काम जिवाणूंकडेच राहते.