लेहरा धरणारा माणूस

कॉलेजात असताना मी तबल्याच्या वर्गात हार्मोनियमवर लेहरा धरत असे. सोळा मात्रांची एकच ओळ, तासभर. कायदे, रेले वाजवून टाळ्या घ्यायचा तो तबलजी. माझ्याकडे लक्ष जायचं ते मी चुकलो तरच. एकदा कंटाळून मी त्या ओळीत दोन हरकती घातल्या. तबलजीची सम हुकली आणि मला सगळ्यांदेखत बोलणी बसली.

पुढे पाश्चात्त्य संगीत ऐकू लागलो, तेव्हा हाती काहीच लागेना. कंटिन्युओ, कॅनन, शाकॉन ही नावंच घाबरवायची. वाट सापडली ती माझ्या जुन्या कामामुळे. वरची चाल सोडून मी खालचा, खर्जातला आवाज ऐकू लागलो.

साधारण १६०० ते १७५० हा युरोपातला बरोक संगीताचा काळ. त्या संगीताचा पाया म्हणजे ‘बासो कंटिन्युओ’, सतत चालणारी खर्जाची ओळ. चेलोसारखं वाद्य ती ओळ वाजवी. हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणारा, त्या सुरांपाशी लिहिलेले आकडे पाहून, वरचे स्वर आयत्या वेळी भरी. पुढे हायडन-मोत्सार्टच्या काळात ही प्रथा हळूहळू मागे पडली.

ही खालची ओळ पुन्हा पुन्हा तीच आली, की तिला म्हणतात ‘ग्राउंड बास’. आपला लेहराच म्हणा ना! पाखेलबेलचा प्रसिद्ध कॅनन घ्या. तीन व्हायोलिनं एकच चाल थोड्या थोड्या अंतराने, एकामागून एक सुरू करतात. अशा पाठलागाला कॅनन म्हणतात. पण खाली चेलोवाला आठच सुरांची ओळ अठ्ठावीस वेळा वाजवतो. त्याने एकदा जरी हरकत घेतली, तर वरच्या तिघांचं काय होईल, हे मी अनुभवाने सांगू शकतो!

इंग्लंडच्या हेन्री पर्सेलने हाच लेहरा दुःखासाठी वापरला. त्याच्या ‘डायडो अँड इनिअस’ या ऑपेरात राणी डायडो मरणापूर्वी गाते. तिच्या गाण्याखालची ओळ आपल्या भाषेत सांगायची तर अशी उतरते : सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम. एकेक अर्धा सूर खाली. ओळ संपते, पुन्हा सुरू होते. राणीचं वाक्य मात्र नेमकं तिथेच संपत नाही, ते पुढच्या आवर्तनात सांडतं. खालचं न बदलणारं आणि वरचं न मावणारं, या ओढाताणीत त्या गाण्याचं दुःख आहे.

आणि मग बाख. त्याच्या डी मायनर पार्टिटाचा शेवटचा भाग म्हणजे ‘शाकॉन’. हे मूळचं एका चपळ नाचाचं नाव. बरोक काळात ते छोट्या आवर्तनांवर रचलेल्या बदलांना मिळालं. बाखची १७२० सालची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. त्याच वर्षी त्याची पत्नी वारली. या दोन गोष्टींचा संबंध पुष्कळ जण जोडतात, पुरावा मात्र नाही. सुमारे पंधरा मिनिटांच्या या रचनेत मध्येच कोमल गंधार जाऊन शुद्ध गंधार येतो, ऊन पडल्यासारखा. शेवटी पुन्हा कोमल.

नवल पुढेच आहे. हे सगळं एकट्या व्हायोलिनसाठी आहे. साथीला कुणी नाही. लेहराही त्यानेच धरायचा आणि विस्तारही त्यानेच करायचा. चार तारांवर दोन्ही सतत वाजवणं शक्य नाही, म्हणून खालची ओळ अनेकदा नुसती सुचवली जाते. उरलेली आपल्या मनात चालू राहते.

म्हणजे तिथे लेहरा धरतो तो ऐकणारा. शाकॉन ऐकताना माझी बोटं अजून मांडीवर हलतात. हरकत मात्र घेत नाही!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)