आरामखुर्ची ठेवायची की काढायची?

दहिसर-बोरिवली भागात बैठी घरे आणि जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. नव्या घरात सामान हलवताना ज्या वस्तूवरून हमखास वाद होतो, ती म्हणजे आजोबांच्या वेळची आरामखुर्ची. पाय लांब करून बसलेला माणूस धरला तर ती दीड मीटर जागा अडवते. तरुण मंडळी म्हणतात, भंगारवाल्याला द्या. वडीलधारे गप्प बसतात. भावनेचा भाग सोडला तरी या वादात मोजण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कोनमापक, ओळंबा व दहावीची त्रिकोणमिती पुरते.

आपल्याकडे दोन प्रकार विशेष दिसतात. एक कापडी: लाकडाच्या दोन चौकटी, मागे तीन-चार खाचा, आणि दोन दांड्यांमध्ये अडकवलेले जाड कापड. दुसरा वेताच्या जाळीचा, लांब हातांचा. त्या हातांवर पायही टाकता येतात. गोव्यातील जुन्या घरांत या खुर्चीला ‘वोल्तेर’ म्हणतात. जगभर नावाजलेली आरामखुर्ची म्हणजे चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1956 साली तयार केलेली, वाकवलेल्या प्लायवुडची आणि चामड्याच्या गाद्यांची. (याच दांपत्याने 1958 साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला व त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.) रूप आणि किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी या तिन्ही खुर्च्या एकच प्रश्न सोडवतात.

समजा, 60 किलो वजनाच्या व्यक्तीचे कमरेवरचे वजन 35 किलो आहे. ताठ बसल्यावर ते सगळे पाठीच्या कण्यातून खाली जाते. पाठ उभ्या रेषेपासून 45 अंश मागे झुकवली तर कण्याच्या दिशेने 35 गुणिले कोज्या 45, म्हणजे सुमारे 25 किलो एवढाच भार उरतो. 60 अंशांना तो साडेसतरा किलो होतो. बाकीचे काम खुर्चीची पाठ करते. शिवाय धड तोलून धरणाऱ्या स्नायूंना सुट्टी मिळते, ती या हिशेबात धरलेलीच नाही. खुर्चीच्या एकेका खाचेला किती अंश पडतात, हे विद्यार्थ्यांनी ओळंबा लावून मोजावे.

पण नुसती पाठ झुकवून भागत नाही. 45 अंशांवर पाठीचा टेका शरीराला पुढे ढकलतो, आणि हा आडवा जोर साडेसतरा किलोंच्या आसपास येतो. बैठक सपाट असेल तर माणूस हळूहळू पुढे घसरतो. एस.टी.च्या मागे झुकणाऱ्या आसनावर रात्रीचा प्रवास केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको! म्हणून बैठकही मागच्या बाजूला उतरती हवी. बैठकीवर 35 किलो भार आणि उतार 20 अंश धरला तर ती शरीराला सुमारे साडेबारा किलो जोराने मागे रेटते. उरलेले पाच किलो घर्षण सांभाळते. ईम्स यांच्या खुर्चीची बैठक कायम 15 अंश कललेली असते. आपल्या सुतारांनी गणित न मांडता हाच उतार पिढ्यान्‌पिढ्या ठेवला आहे.

आता दाबाकडे वळू. लाकडी बाकावर 45 किलो भार, म्हणजे 441 न्यूटन बल, समजा 300 चौरस सेंटीमीटरवर पडले, तर दाब 14,700 पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या 110 मिलिमीटर उंचीएवढा होतो. कापडात 35 किलो 1000 चौरस सेंटीमीटरवर पसरले तर तोच दाब 26 मिलिमीटर. केशवाहिन्यांच्या सुरुवातीच्या टोकाशी रक्ताचा दाब सुमारे 32 मिलिमीटर असतो, हे लँडिस यांनी 1930 साली मोजून दाखवले. शरीरातील ऊती सरसकट चिरडल्या जात नाहीत, त्यामुळे ही तुलना ढोबळच समजावी. तरी बाकावर मुले चुळबुळ का करतात, याचे उत्तर तीत सापडते. ती चुळबुळ बेशिस्त नव्हे, रक्ताला दिलेली वाट आहे. बाकावर खडूची भुकटी पसरून बसले, की स्पर्शाचे क्षेत्रफळ आलेख-कागदावर काढता येते.

मणक्यांमधील चकतीवरचा दाब प्रत्यक्ष सुई घालून मोजला गेला आहे. स्वीडनचे डॉ. आल्फ नाकेमसन यांच्या मोजणीत, उभे असतानाचा दाब 100 मानला तर आधाराविना बसल्यावर तो 140 आणि उताणे झोपल्यावर 25 आला. 1999 साली विल्के व सहकाऱ्यांनी जर्मनीत एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजले, तेव्हा बसताना व उभे असतानाचा दाब जवळजवळ सारखाच निघाला. म्हणजे बसणे मुळातच घातक, हे विधान डळमळीत झाले. मागे रेलल्यावर दाब उतरतो, यावर मात्र दोन्ही मोजण्यांचे एकमत आहे.

कापडी खुर्चीचा दोषही सांगायला हवा. कापड जुने झाले की झोळी होते, कंबर बाहेरच्या बाजूला वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. कापड अतिशय ताणून लावणे हा उपाय नाही. झोळ जितका कमी, तितका दांड्याजवळचा ताण जास्त, आणि कापड तिथेच फाटते. थोडा झोळ ठेवून कमरेमागे टॉवेलची गुंडाळी घेतलेली बरी. लिहिण्याला ही खुर्ची निरुपयोगी, हे तर उघडच आहे.

सर्वांत मोठी अडचण उठण्याची. उठताना शरीराचा गुरुत्वमध्य पावलांवर आणावा लागतो. बैठक खोल आणि मागे उतरती असल्यामुळे तो पावलांपासून बराच मागे राहतो. बैठक जेवढी खाली, तेवढा गुडघ्यांना आणि मांड्यांना जोर अधिक लावावा लागतो. ज्यांच्यासाठी खुर्ची ठेवायची त्यांनाच तीतून उठवत नसेल, तर भावनेपोटी ती ठेवणे आम्हाला पटत नाही. मात्र आधी पायांखाली पाच-सहा सेंटीमीटरचे ठोकळे पक्के बसवून पाहावेत. हात मजबूत असतील तर तेवढ्याने पुष्कळदा काम होते.

चंदीगढमध्ये 1950 च्या दशकात प्येर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान व वेताच्या खुर्च्या बनल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, गच्च्यांवर ढीग लागले, आणि परदेशांतील लिलावांत त्यांनाच लाखो रुपये येऊ लागले. अखेर 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर व निर्यातीवर बंदीचा आदेश काढावा लागला. दहिसरच्या घरातील खुर्चीला असा भाव येणार नाही. पण तिचे सागवान साठ वर्षे टिकलेले असते, आणि नवे कापड शिवून घेणे हे एका दिवसाचे काम आहे. वेताची जाळी सैल पडली असेल तर खुर्ची उलटी करून जाळीवर खालच्या बाजूने गरम पाण्याचे फडके फिरवावे व ती सावलीत वाळू द्यावी. ओला वेत फुगतो आणि वाळताना आखडतो. जाळी तुटलेली नसेल तर ती पुन्हा ताठ होते.